त्सुयुनोयाची रिकामी पेटी

१

रविवारी सकाळी त्सुयुनोयाच्या मालकीणबाईंनी वरच्या खोलीतली लांब पेटी उघडली, तेव्हा आतलं शामिसेन, ते तीन तारांचं वाद्य, गेलेलं होतं.

मला फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. त्सुयुनोया हे कानाझावातल्या आमच्या गल्लीतलं गेशांच्या बैठकीचं जुनं घर. माझ्या दुकानापासून दीडशे पावलांवर. मी पोचेपर्यंत बाईंनी आणखी दोनदा फोन केला होता.

"मिस्त्री, वर या. चपला राहू द्या, ओसेई उचलेल."

मी शामिसेन बनवतो आणि दुरुस्त करतो. हिशिदा माझं आडनाव, पण या गल्लीत मला सगळे मिस्त्रीच म्हणतात. गेलेलं शामिसेन माझ्या बायकोचं होतं. फुसा त्या घरात छत्तीस वर्षं वाजवत होती आणि शेवटची दहा वर्षं शिकवत होती. त्याच्या आदल्या वर्षी नोव्हेंबरात ती वारली. वाद्य घराला द्यावं आणि कोनामीने ते वाजवावं, असं तिने मला सांगून ठेवलं होतं. कोनामी म्हणजे तिची शेवटची शिष्या. मी वाद्य दुरुस्त करून, नवं कातडं चढवून, एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीच्या आत पोचवलं होतं.

पेटीत तीन वस्तू उरल्या होत्या. तारांखालची घोडी, वाजवायची नखी, आणि तिन्ही तारा. तारा सोडवून, वेटोळी करून, पातळ कागदात नीट गुंडाळलेल्या होत्या.

मी ती कागदाची पुडी उचलून बघितली आणि होती तशी परत ठेवली.

"शुक्रवारी संध्याकाळी कोनामीने वाजवलं, पुसलं आणि ठेवलं," मालकीण इकुयोबाई म्हणाल्या. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. संधिवाताने बोटं वाकडी झाली आहेत, आवाज मात्र सरळ आहे. "त्यानंतर या खोलीत बाहेरचा एकच माणूस बसला. कोण, ते सांगायला हवं का?"

नको होतं. शनिवारी दुपारी तात्सुकावा गुरुजी आले होते. त्यांची ओळख मीच दिली होती.

आमच्याकडे अनोळखी माणसाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. कोणीतरी घरातल्या ओळखीच्याने शब्द टाकावा लागतो. मग पाहुण्याने काही भलंबुरं केलं, तर ते शब्द टाकणाऱ्याने केलं असं धरतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला मी कधी पाहिला नाही.

गुरुजी मला ऑक्टोबरात गल्लीत भेटले. गर्दीत सगळे फोटो काढत होते आणि हे एकटेच टोपी हातात धरून त्सुयुनोयाच्या दारासमोर उभे होते. सत्तरीचे, समुद्रकाठच्या हिमी गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची आई पंधराव्या वर्षी या घराच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आता त्र्याण्णव वर्षांची, अंथरुणावर. "एकदा आत जाऊन ये आणि मागचं अंगण आहे का ते मला सांग," एवढंच ती म्हणते, असं ते म्हणाले. फुसा असती तर तिनेही शब्द टाकला असता. मी टाकला.

"मला फोन आला म्हणून दहा मिनिटं मी खाली गेले," बाई म्हणाल्या. "ते वर एकटे होते. जाताना हातात गाठोडं होतं, मी खिडकीतून पाहिलं. येताना नव्हतं. सुटं केलं की शामिसेन एवढ्याशा गाठोड्यात मावतं, हे तुम्हीच मला दाखवलंय."

ते खरं होतं. शामिसेनची दांडी तीन तुकड्यांची असते. खालचं चौकोनी धड वेगळं होतं.

"पोलिसांना सांगितलंत?"

"सांगितलं तर दुपारपर्यंत दारात कॅमेरे लागतील. म्हणून तुम्हाला सांगते. ओळख तुमची, वाद्य तुमच्या बायकोचं, शोधा तुम्हीच. मंगळवारी दुपारी तोक्योहून नागुमोबाई येतायत. जुन्या वाद्यांवर पुस्तक करतायत त्या. फुसाचं शामिसेन सांधे उघडून बघणार, प्रत्येक सांध्याचा फोटो घेणार. शुक्रवारीच ठरलं सगळं."

मी पेटीचं झाकण लावून टाकलं. बाईंना वाटलं, चोरीमुळे.

"मंगळवारी दुपारपर्यंत मिळालं नाही," त्या म्हणाल्या, "तर मी हिमीला पोलीस पाठवणार. त्या म्हातारीच्या उशाशी उभे राहून विचारतील त्याला, तुझ्या आईने जिथे भात रांधला तिथे तू काय उचललंस म्हणून."

२

ओसेईबाई दारात पाणी शिंपडत होत्या. एकसष्ट वर्षांच्या, चाळीस वर्षं त्या दाराशी. पाहुण्यांचे बूट उचलायचे, जाताना न सांगता ज्याचे त्याला पुढे करायचे, हे त्यांचं मुख्य काम. पाणी शिंपडताना त्या फोटोवाल्यांचे बूट भिजतील असं बघतात आणि मग वाकून माफी मागतात.

"मिस्त्री, वाळलात हो. काय खाता? दुकानातला गारढोण भातच ना?"

"खातो काहीतरी. ओसेईबाई, काल गुरुजींच्या गाठोड्यात काय होतं?"

"मला काय माहीत? मी बूट बघते, गाठोडी बघत नाही."

"मग बुटांचं सांगा."

"दोनदा तळवे लावलेले. आत वर्तमानपत्र, ओल लागू नये म्हणून. आत शिरण्याआधी बाहेर तीनदा पुसले." त्यांनी डोल खाली ठेवला. "चोराचे बूट मी दोन वेळा बघितलेत या घरात. दोन्ही वेळा चकचकीत होते."

"पण गाठोडं होतं."

"होतं तर होतं! माणूस आईला काही नेणार नाही का?"

असं म्हणून त्यांनी एवढं पाणी फेकलं की समोरचा एक तरुण फोनसकट उडी मारून मागे गेला. मला कळलं की त्यांना माहीत आहे, आणि त्या घाबरल्या आहेत. मी जोर केला नाही. मला उत्तराची घाई नव्हती. का नव्हती, ते पुढे लिहीन.

"बाकी कोणाला विचारलंत?" त्यांनी विचारलं.

"बाईंना. तुम्हाला."

"आणि कोनामीला?"

"ती लहान आहे."

"चोवीस वर्षांची घोडी आहे! शेवटचा हात तिचाच लागलाय त्याला. तुम्ही मला विचारता, गुरुजींना विचाराल, उद्या गल्लीतल्या मांजरालाही विचाराल. आणि तिला नाही?"

तेवढ्यात कोनामीच आली. नाचाच्या शिकवणीहून, साध्या सुती किमोनोत, केस बांधलेले. तिने मला वाकून नमस्कार केला.

"काका, काल जिबुनी ठेवून गेले होते. खाल्लंत?"

दर शनिवारी सकाळी ती माझ्याकडे बदकाची ती आमटी घेऊन येते. फुसा आजारी पडल्यापासूनचा तिचा नेम आहे. भिंतीकडच्या मांडणीवर डबे ठेवते, रिकामे डबे नेते.

"खाल्लं. छान होतं."

"आणि कामाला बसलात का काल? दुकानात?"

"नाही बसलो. मन लागत नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बसायला हवं होतं, काका," आणि आत गेली.

ओसेईबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी उद्या हिमीला जाऊन येतो."

३

सोमवारी सकाळची गाडी धरली. ताकाओकाला बदलावी लागते. समुद्रावर ढग गडगडत होते. त्या गडगडाटाने बुरी मासा जागा होतो आणि जाळ्यात येतो, असं हिमीचे लोक म्हणतात. डब्यात सगळे त्यावरच बोलत होते आणि खुशीत होते.

गुरुजींचं घर बंदरामागे आहे. त्यांनी दार उघडलं, मला बघून आनंदले आणि मग माझा चेहरा बघून थांबले. मी सगळं दारातच हळू आवाजात सांगितलं. ते ऐकताना हळूहळू पांढरे पडत गेले.

"घराची झडती घ्या," ते म्हणाले.

"मी त्यासाठी नाही आलो."

"घ्या. नाहीतर मलाच झोप लागणार नाही. फक्त आईच्या खोलीत हळू बोला."

आई आतल्या खोलीत उशीला टेकून बसली होती. एवढीशी. तिच्या मांडीजवळ एक लाकडी भातदाणी होती, झाकणाची, तांब्याच्या कड्या बसवलेली. जुनी, काळी पडलेली. तिचा एक हात तिच्यावर होता.

"त्सुयुनोयाचे आहात?" तिने मला विचारलं.

"त्यांच्याकडे येणं-जाणं आहे, आजी."

"मालकीणबाई अजून रागावल्यात का हो?"

मी गुरुजींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

"कशाबद्दल, आजी?"

"मी तळ जाळला ना हिचा! निखाऱ्यावरचा चिमटा टेकवला. हे बघा." तिने ती भातदाणी उपडी केली. तळाला बोटभर काळा डाग होता. "तीन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. मग मी लग्न होऊन आले इकडे. सांगायचं राहिलं की चुकून झालं."

"नाही रागावल्या," मी म्हणालो. "विसरल्या."

"विसरणाऱ्यातल्या नव्हत्या त्या," आजी म्हणाली, आणि हसली.

हेच ते गाठोडं. गोल भातदाणी आणि तिच्यावर बांधलेला रुमाल. मी गुरुजींना बाहेर विचारलं, "ही तुम्हाला दिली कोणी?"

"सांगणार नाही."

"गुरुजी, तुमच्यावर चोरीचा आळ आहे."

"ती जळणात जाणार होती. मी मागचं अंगण बघायला गेलो, आईचं सांगितलं, तेव्हा एका बाईंनी काढून दिली. मालकिणीला न विचारता. आता मी नाव घेतलं तर त्यांची चाकरी जाईल. माझं काय, मी पेन्शनवर आहे."

"आणि पोलीस आले तर? आजींच्या उशाशी?"

त्यांनी खोलीचं दार हलकेच लोटून घेतलं. 

"तेवढं होऊ देऊ नका," ते म्हणाले. "तिला त्या घराबद्दल फक्त हा डागच लागून राहिलाय. दुसरा लागायला नको."

स्टेशनपर्यंत ते माझ्याबरोबर आले. वाटेत त्यांनी विचारलं, "हिशिदासाहेब, एक कळलं नाही. एवढं लांब वाद्य गाठोड्यात मावेल कसं? मोडलं असणार का कोणी?"

"नाही. दांडी सुटी होते. तीन तुकडे."

"होय? मला वाटलं, सलग लाकूड असतं ते."

एवढंच बोलणं झालं, पण मला ते पुरे होतं. गाडी आली तेव्हा ते फलाटावर माझ्यासमोर कंबरेत वाकले. "तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात आणि तुमची मान खाली गेली. मला क्षमा करा."

गाडी सुटली तरी ते वाकलेलेच होते. आता विचारायला एकच माणूस उरलं होतं.

४

इथून पुढचं मी पहिल्याच पानावर लिहायला हवं होतं.

रविवारी पेटीतली ती कागदाची पुडी बघितली तेव्हाच मला चोर कळला होता. चोर तारा गुंडाळून ठेवत नाही. घाईत असलेला माणूस वाद्य उचलतो आणि पळतो. तारा सोडवून कागदात घालायच्या, ही सवय ज्याला मार देऊन शिकवलेली असते त्याचाच हात तसं करतो. शिवाय सांधे. माझे सांधे इतके घट्ट असतात की अडाणी माणसाने ओढले तर दांडी चिरते. तळहाताने कुठे, किती जोराने ठोकायचं, हे त्या घराशी संबंधित चारच माणसांना येत होतं. मला, फुसाला, इकुयोबाईंना आणि कोनामीला. फुसा नाही. बाईंची बोटं वाकडी. मी केलेलं नव्हतं. आणि नागुमोबाई सांधे उघडणार हे शुक्रवारी ठरलं, तेव्हा घरात बाई, ओसेईबाई आणि कोनामी एवढ्याच होत्या.

हे सगळं मी पेटीसमोर उभ्या उभ्या जुळवलं. मग दोन दिवस मी बाकीच्यांना विचारत फिरलो. कोनामीला विचारलं असतं, तर तिने कारण सांगितलं असतं. कारण मला माहीत होतं.

फुसाच्या शामिसेनची दांडी मी आमच्या लग्नाच्या वर्षी केली होती. भारतातून आलेल्या रक्तचंदनाची. सांध्यांच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी, सोन्याचा पातळ पत्रा बसवला होता. वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटांनी दांडीवर खळगे पडतात. मग सूर बिघडतो. म्हणून दर काही वर्षांनी रंधा मारून दांडी सपाट करावी लागते. तिच्या हयातीत मी ते चार वेळा केलं. तेव्हा काही वाटलं नाही. ती बसली की खळगे पुन्हा पडणारच होते.

ती गेल्यावर मी दांडी कामाला घेतली आणि अंगठा त्या खळग्यांवरून फिरवला. तीन जागी होते. मला रंधा धरता आला नाही.

मी दुसरी दांडी काढली. तीही रक्तचंदनाची, त्याच मापाची, पण सांध्यात सोनं नसलेली. ती फुसाच्या धडाला बसवली आणि त्सुयुनोयाला नेऊन दिली. "खळगे रंधून सपाट केलेत," असं सांगितलं. बाईंनी दोन्ही हातांनी वाद्य डोक्याला लावलं. फुसाची दांडी मी कापडात गुंडाळून तिच्या फोटोशेजारी ठेवली. रोज सकाळी उदबत्ती लावल्यावर मी ते कापड सोडतो आणि त्या तीन जागी बोटं ठेवतो. मरणाऱ्या बायकोने एक गोष्ट मागितली होती आणि मी तिच्यातली निम्मी ठेवून घेतली.

सोमवारी पाच वाजता कोनामी दुकानात आली. मी बोलावलं होतं.

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"एप्रिलात. नागोयाच्या कार्यक्रमाला नेताना सुटं केलं, तर सांध्यात सोनं नव्हतं. फुसाताईने मला पहिल्या वर्षीच दाखवलं होतं ते. म्हणाली होती, आमचे हे बोलत नाहीत, असं कुठेतरी लपवून ठेवतात." ती खाली बघत बोलत होती. "मी कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला हवं असेल तर असू दे, म्हटलं. पण शुक्रवारी आई म्हणाल्या की नागुमोबाई सांधे उघडणार."

इकुयोबाईंना ती आई म्हणते, घरातल्या सगळ्या मुली म्हणतात तसं.

"वाद्य कुठे आहे, कोनामी?"

"काका, तुम्ही खरंच वर बघितलं नाहीत?"

तिने भिंतीकडे बोट केलं. दुकानात कातडं चढवायला आलेली अकरा धडं खुंटीला टांगलेली असतात. त्या दिवशी बारा होती. मांडणीवर, तिने शनिवारी आणलेल्या डब्यांच्या मागे, दांडीचे तीन तुकडे रुमालात बांधलेले होते. मी तीन दिवस त्यांच्याखाली बसून गार भात खाल्ला होता.

"मला वाटलं, तुम्ही कामाला बसाल, दिसेल, समजाल," ती म्हणाली. "खरी दांडी लावून मला द्याल. मी मंगळवारच्या आत पेटीत ठेवीन. कोणाला काही कळणार नाही. गुरुजी त्याच दुपारी येतील हे मला कुठे माहीत होतं?"

"मग रविवारी का नाही बोललीस? त्या माणसावर आळ आला तेव्हा?"

"तुम्ही का नाही बोललात?"

मी खुंटीवरचं बारावं धड काढून मांडीवर घेतलं. ती रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "अजून होईल, काका. आत्ता खरी दांडी लावा. उद्या सकाळी मी म्हणते, कोठीत सापडलं, मीच चुकून ठेवलं. गुरुजी सुटतील. तुम्हीही सुटाल."

मी हो म्हणालो.

मी दांडी लावायला घेतली. पण खळगे तसेच होते. नागुमोबाईंनी ते बघितले असते आणि रंधल्याचं माझं बोलणं खोटं पडलं असतं. तरी मी दांडी लावली. काहीतरी सबब सांगू, असं मनाशी ठरवलं.

मंगळवारी सकाळी आठला बाईंचा फोन आला. "मिस्त्री, काल बैठकीच्या घरांच्या मालकिणींच्या संघाची सभा होती. मी त्या गुरुजींचं नाव सांगून टाकलंय. गावातल्या अशा तिन्ही गल्ल्यांत आता त्यांना कोणी दारात उभं करणार नाही. वाद्य मिळो न मिळो. मिळालं तर म्हणेन, भिऊन परत पाठवलं."

मी फोन ठेवला. आता वाद्य नुसतं सापडून गुरुजी सुटणार नव्हते. तेव्हासुद्धा मी आपण होऊन गेलो नाही, फोन आला म्हणून गेलो. हेही लिहून ठेवतो.

५

मी वाद्य दोन्ही हातांत धरून पुढच्या दाराने गेलो. कापडात गुंडाळलं नव्हतं. गल्लीतले लोक फोटो काढत होते.

वरच्या खोलीत बाई, ओसेईबाई आणि कोनामी बसल्या. मी दांडीबद्दल सगळं सांगितलं आणि मग म्हणालो, "आणि वाद्यही मीच नेलं होतं."

"खोटं बोलू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही शनिवारी इथे फिरकलाच नव्हता. एक खोटं निस्तरायला आलात आणि दुसरं देऊन जाताय."

कोनामीने कपाळ चटईला टेकलं. "आई, मी नेलं."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ओसेईबाईंकडे वळल्या. "तुझंही काही आहे का? आज सगळ्यांचाच कबुलीचा वार दिसतोय."

"भातदाणी," ओसेईबाई म्हणाल्या. "जळणात टाकायची होती ती. गुरुजींना दिली."

"जळक्या तळाची?" बाईंना पहिल्यांदाच हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "आधीच्या मालकीणबाई आम्हाला तो डाग दाखवून दम द्यायच्या. म्हणायच्या, बघा, एका वेंधळीने काय केलंय."

त्यांनी स्वतः हिमीला फोन लावला. गुरुजी दीडच्या सुमारास आले. संघाच्या तिघी मालकिणींना इकुयोबाईंनी बोलावून घेतलं होतं. त्या सगळ्यांसमोर त्यांनी वाकडी बोटं जमिनीला टेकली, त्यांवर कपाळ टेकलं आणि म्हणाल्या, "या घराने तुमचं नाव विटाळलं. तुमच्या आईंना सांगा की त्यांच्यावर इथे कोणाचा राग नाही, आणि नव्हता."

गुरुजी इतके गोंधळले की त्यांनीही कपाळ टेकलं, आणि दोघांपैकी आधी कोणी उठायचं ते कोणालाच कळेना. शेवटी ओसेईबाई म्हणाल्या, "उठा आता, चहा गार होतोय."

मग बाई माझ्याकडे वळल्या.

"रंधा आणलाय?"

"नाही."

"घेऊन या. फुसाने हे वाजवायला दिलं होतं, पुजायला नाही. या मुलीची बोटं त्या खळग्यांत अडकतील."

मी दुकानात जाऊन रंधा आणि घासायचा दगड आणला. अंगणाकडच्या पडवीत बसलो. सगळे बघत होते. कोनामीने दांडीचं वरचं टोक धरलं, हलू नये म्हणून. पहिल्या फटक्याला काही निघालं नाही. दुसऱ्याला लाल ढलपी निघाली. अर्ध्या तासात तीन जागा दोन झाल्या, मग एक, मग दांडी सपाट झाली. मी अंगठा फिरवून बघितला, कामाची सवय म्हणून. कुठे काही लागलं नाही.

नागुमोबाई आल्या तेव्हा मी अजून पडवीतच होतो. त्यांनी सांधे उघडले आणि सोनं बघून ओरडल्याच. कोणी केलंय, असं विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही.

त्या गेल्यावर बाई मला म्हणाल्या, "मिस्त्री, तुमच्या बायकोच्या ओळखीवर तुम्ही या घरात येत होता. तिचा शब्द होता तुमच्यामागे. तो तुम्ही मोडलात. आजपासून तुम्ही आम्हाला अनोळखी. वर्षश्राद्धाला इथे मुली वाजवतील, पण तुम्हाला दारातून आत घेता येणार नाही. अनोळखी माणसाला आम्ही घेत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो.

मी उठलो. ओसेईबाईंनी माझ्या चपला पुढे केल्या, पण मान वर केली नाही. तेव्हा मागून गुरुजींचा आवाज आला.

"मालकीणबाई, मी आता या घराचा ओळखीचा आहे ना?"

"आहात. कायमचे."

"मग यांची ओळख मी देतो."

 बाई त्यांच्याकडे वळल्या. "गुरुजी, उद्या या माणसाने काही केलं तर ते तुमच्या माथी येईल."

"मला कळतं. कालपासून चांगलं कळतं."

बाईंनी होकारार्थी मान हलवली. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, तो त्यांचाच नियम होता.

वर्षश्राद्ध होऊन आता तीन महिने झाले. मी गेलो नाही. कोनामी शनिवारी डबे घेऊन येते आणि काय काय वाजवलं ते सांगते. गुरुजींचं पत्र येतं. आजी बरी आहे, तुम्ही गेलात का, असं दर पत्रात विचारतात. जाईन असं मी लिहितो. सकाळी निघतो, त्या दारापर्यंत जातो, फोटोवाल्यांच्या मागे उभा राहतो. मग मला वाटतं की आत माझ्या हातून पुन्हा काही झालं, तर हिमीतल्या त्या माणसाला माझ्यासाठी वाकावं लागेल. आणि मी घरी येतो.